हातखंब्याहून वेळणेश्वर, विमानाने

चहा घ्या आधी. हे ऐकल्यावर तुम्ही माझ्याकडे कशा नजरेनं बघणार ते मला ठाऊक आहे, तेव्हा तुमच्या हातात कप असलेला बरा. निदान तोंड लपवायला तुम्हाला काहीतरी असेल. मला त्या दिवशी तेवढंही नव्हतं.

तर मी विमान चालवत असे. हसू नका. रत्नागिरीत, आमच्या माजघरात, आईच्या शिवणयंत्राच्या टेबलावर, रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की. आणि त्या विमानापायी माझं ठरत आलेलं लग्न मोडायची वेळ आली होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी एका सरकारी कचेरीत नुकता चिकटलो होतो. आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, बोटीवर. बोटीवरचा माणूस सुट्टीवर आला की नातेवाइकांकडे काही ना काही पोचतंच. कुणाला साबण, कुणाला सेंट, कुणाला ती उघडमीट होणारी छत्री. आमच्याकडे त्या वर्षी संगणक आला.

आता संगणक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे आलं ते पुसून टाका. हा होता शाळेच्या पाटीएवढा काळा डबा, वर रबराची बटणं. तो टीव्हीला जोडायचा, दुसऱ्या बाजूनं कॅसेट-प्लेअर जोडायचा आणि कॅसेट लावायची. गाण्याची असते तशीच कॅसेट. फक्त तिच्यातून गाणं येत नसे. आधी एक लांब शिट्टी, मग टोपलीखाली कोंडलेल्या कोंबड्यांचा असावा तसा कलकलाट. तो चांगली पाच-सहा मिनिटं चालायचा. तेवढ्यात वीज गेली नाही, तर पडद्यावर विमान हजर. वीज गेली, की पुन्हा शिट्टीपासून सुरुवात.

विमान म्हणजे काय, तर विमानात बसल्यावर समोर दिसेल ते. खाली घड्याळासारखे काटे आणि वर एक आडवी रेघ. रेघेच्या वर आकाश, खाली जमीन. आमचा टीव्ही काळापांढरा, त्यात सदा मुंग्या. आकाश कुठे संपलं आणि जमीन कुठे लागली, हे बहुतेक वेळा आपटल्यावरच कळे. माझ्या उड्डाणांचं जे व्हायचं त्याला टीव्ही जबाबदार होता, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत आलो.

कॅसेट लागली की यंत्राचा पहिला प्रश्न असे, निघणार कुठून? त्याच्या पोटात चार धावपट्ट्या होत्या. त्यांची नावं परदेशी, माझ्या जिभेला न वळणारी. म्हणून मी एका पुठ्ठ्यावर नकाशा काढला आणि चौघींचं बारसं करून टाकलं. नकाशात एक मोठं तळं होतं, त्याला अरबी समुद्र केलं. त्याच्या काठावरची धावपट्टी ती वेळणेश्वर. सगळ्यात मोठी ती रत्नागिरी. पूर्वेला आत, जिथे रस्त्यांच्या दोन रेघा एकमेकींना छेदत होत्या, ती हातखंबा. आणि डोंगरामागे एकटी पडलेली ती लोटे. कागदावरच्या जिल्ह्याशी ताडून बघायला जाऊ नका. मला परक्या मुलुखात उडायचा धीर नव्हता, एवढंच त्यामागचं कारण.

खरं सांगायचं तर उडण्यात माझा तितका जीव नव्हता. निघायचं कुठून, ते ठरवण्यात होता. काही माणसं जेवणापेक्षा पान वाढण्यात रमतात ना, त्यातला मी. यंत्र आपण होऊन जिथे उभं करी, तिथून मी कधीही निघालो नाही. एसटीनं भलत्याच थांब्यावर उतरवलं आणि आपण मुकाट तिथूनच चालायला लागलो, असं का करायचं? दुसरं म्हणजे, काल जिथे आपटलो तिथून आज निघायचं नाही. त्या जागेला आठवडाभर विसावा द्यायचा. यात अडचण अशी, की मी रोज कुठे ना कुठे आपटतच असे. आठवड्याच्या शेवटी निघायला जागा उरायची नाही.

मग त्यात आप्पा शिरले. आप्पा म्हणजे माझे वडील, निवृत्त शाळामास्तर. पंचांग बघितल्याशिवाय परसातसुद्धा न जाणारा माणूस. पहिले काही दिवस त्यांनी त्या डब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एका सोमवारी मी लागोपाठ तीनदा कोसळलो, तेव्हा झोपाळ्यावरून त्यांनी विचारलं, "कुठल्या दिशेला निघाला होतास?"

"पूर्वेला."

"आणि आज वार काय?"

झालं. सोमवारी पूर्वेला दिशाशूळ. म्हणजे त्या वारी त्या दिशेचा प्रवास वर्ज्य. मंगळ-बुध उत्तरेला जायचं नाही, गुरुवारी दक्षिणेला नाही, शुक्रवारी आणि रविवारी पश्चिमेला नाही. हे सगळं मला लहानपणापासून पाठ होतं, पण ते विमानाला लागू होतं हे मला सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून निघायची जागा आम्ही दिशेप्रमाणे काढू लागलो. आप्पा पंचांग घेऊन माझ्या मागे खुर्ची टाकून बसत. आई म्हणे, एका वेड्याचे दोन झाले. आणि गंमत सांगू? मी आपटायचं काही कमी झालं नाही, पण आता त्याला कारण सापडत असे. केवढा धीर येतो त्यानं.

आता लग्नाकडे येतो.

वेळणेश्वरचं स्थळ सांगून आलं. मुलीचं नाव सुधा. पत्रिका जुळली, बघण्याचा कार्यक्रम झाला. कांदेपोह्यांच्या वेळी काही विचारायचं आहे का म्हणून तिला विचारलं, तेव्हा तिनं खाली न बघता सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही रोज रात्री जेवायला घरी असता?"

मी म्हटलं, असतो. तेवढ्यानंच ती मला आवडली. अगदी मनापासून आवडली.

प्रश्नामागचं कारण मागाहून कळलं. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा आखातात होता. दोन-दोन वर्षांनी यायचा, एक घोंगडीएवढं जाड ब्लँकेट आणि एक बॅटरी देऊन परत जायचा. बहीण माहेरीच राहायची, वेळणेश्वरला. तिचे वडील, तात्या, ते रोज डोळ्यांनी बघत होते. तात्यांची नारळी-पोफळीची बाग, बोलणं मोजकं आणि शब्द म्हणजे शब्द. त्यांनी मध्यस्थाला आधीच बजावलं होतं, की जावई मला पाण्यावरचा नको आणि पाण्यापलीकडचा तर मुळीच नको. पगार थोडा असला तरी चालेल, पण माणूस संध्याकाळी घरी पाहिजे. या एका अटीवर मी पास झालो होतो. दुसरी कुठली अट असती तर झालो नसतो, हे मला आजही मान्य आहे.

फक्त साखरपुड्याची तारीख काढायची राहिली होती. तात्या म्हणाले होते, येत्या पंधरवड्यात कळवतो. आणि त्या पंधरवड्यात मी काय करावं? मनाशी पण केला, की तात्यांचा निरोप यायच्या आत आपण वेळणेश्वरला उतरायचंच. माजघरातल्या वेळणेश्वरला हो. तोवर मी तिथे एकदाही धड उतरलो नव्हतो. दर वेळी समुद्रात. आता तिथलाच जावई व्हायचं तर हे बरं दिसत नव्हतं.

हातखंब्याहून निघायचं, सरळ पश्चिमेला यायचं आणि समुद्राकाठी उतरायचं, असा बेत. एवढ्या लांबच्या उड्डाणाला फुरसत हवी, म्हणजे रविवार हवा. आणि रविवारी पश्चिमेला दिशाशूळ!

"मग प्रस्थान ठेव," आप्पा म्हणाले.

तुमच्यातल्या तरुण मंडळींना हे ठाऊक नसेल. जायच्या दिवशी मुहूर्त नसेल, तर आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी आपलं थोडं सामान जायच्या दिशेला, शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास त्या दिवशी सुरू झाला असं धरतात. मग हव्या त्या दिवशी ते सामान उचलून निघायचं, दोष लागत नाही. गुरुवार चांगला निघाला. आमच्या पश्चिमेला यमूकाकूंचं घर. रुमालात सुपारी बांधली, अक्षता बांधल्या, एक धुतलेला सदरा ठेवला. तरी आप्पांचं समाधान होईना. म्हणाले, प्रवासाला जाणाऱ्याची वस्तू हवी. जाणार कोण? विमान. विमान कशात आहे? कॅसेटमध्ये.

इतका बिनतोड मुद्दा की मी कॅसेट काढून रुमालात बांधली. भावोजींनी कुणाच्या तरी कॅसेटवरून भरून आणलेली ती साधी कॅसेट होती, वर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. रविवारपर्यंत उडायचं नाही, असंही ठरलं.

यमूकाकू पडवीत आमसुलं निवडत बसल्या होत्या. एकट्याच राहायच्या. मधू हा त्यांचा एकुलता एक मुलगा, मस्कतला. मी गाठोडं पुढे केलं.

"काकू, प्रस्थान ठेवायचंय तुमच्याकडे. रविवारी निघतो."

काकूंचा हात थांबला. "लांब जायचंय रे?"

"लांबच म्हणायचं. पश्चिमेला."

"म्हणजे विमानानं?"

"विमानानंच. दुसरं कसं जाणार?"

मी हसत हसत म्हटलं हो. आमच्या माजघरातली ती शिट्टी आणि तो कलकलाट रोज संध्याकाळी काकूंच्या चुलीपर्यंत ऐकू जात असे. त्यामुळे विमानाचं त्यांना सगळं ठाऊक आहे, असं मी धरून चाललो. त्यांना वाटत होतं, आमच्याकडचा मिक्सर बिघडलाय आणि आई तो दुरुस्तीला द्यायला चिक्कूपणा करत्येय. आता तुम्हीच सांगा, रत्नागिरीच्या पश्चिमेला काय आहे? समुद्र. आणि समुद्राच्या पलीकडे? काकूंच्या दृष्टीनं तिथे मधूशिवाय दुसरं काहीही नव्हतं.

काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, केवढं कौतुक या बाईला आपल्या छंदाचं!

पुढचे दोन दिवस माझं पाऊल जमिनीवर नव्हतं. शुक्रवारी सकाळी वाण्याच्या दुकानात एका अनोळखी गृहस्थांनी विचारलं, रविवारी निघताय ना? मी म्हटलं, हो. भीती नाही वाटत? म्हटलं, सुरुवातीला वाटायची, आता सवय झाली. त्यांनी मान डोलावली. एसटी स्टँडवर गुहागरकडच्या गाडीचा कंडक्टर मुद्दाम खाली उतरला आणि हात मिळवून म्हणाला, नाव काढा रत्नागिरीचं. कचेरीत साहेबांनी बोलावून विचारलं, रजेचा अर्ज नाही दिलात? मी म्हटलं, कशाला साहेब, रविवारच तर आहे, सोमवारी दहाच्या ठोक्याला हजर होतो. साहेब माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मी ते कौतुकात धरलं.

माणूस स्वतःवर खूश असला की त्याला काहीही पटतं. गावभर आपल्या उड्डाणांची चर्चा आहे, यात मला जरासुद्धा नवल वाटलं नाही. उलट इतके दिवस कशी नव्हती, असंच वाटलं.

शनिवारी काकूंच्या पडवीत बघतो तर डबे, पुड्या, गाठोडी. मिरकरवाड्याहून कुणीतरी सुकट आणून दिली होती, तिचा वास आमच्या बेड्यापर्यंत, म्हणजे अंगणाच्या फाटकापर्यंत. राजिवड्याची एक म्हातारी रिक्षातून उतरली आणि माझ्याच हातात एक बरणी देऊन म्हणाली, "बाबा, सांडू देऊ नको." मला वाटलं, मधू सुट्टीवर येतोय, त्याच्यासाठी लोक आणून देतायत. बरणी आत नेऊन ठेवली. म्हातारीला शब्दही दिला, की काळजी करू नका, नीट पोचेल.

झाला रविवार. दुपारी चारच्या सुमाराला वीज बऱ्यापैकी टिकायची, तेव्हा निघायचं ठरवलं होतं. जेवणं झाली, टेबल मांडलं, पुठ्ठ्याचा नकाशा भिंतीला टेकवला. एवढ्यात बेडं वाजलं आणि छत्री टेकत तात्या आत आले.

पहाटे उठून, तवसाळहून तरीनं जयगडची खाडी ओलांडून, पुढे एसटीनं आलेला माणूस. पण ओटीवर बसले ते पाण्याला शिवले नाहीत. आईनं पुढे केलेला गूळ तसाच राहिला.

"मास्तर," ते आप्पांना म्हणाले, "तुमचा मुलगा आज परदेशी निघाला, हे मला कंडक्टरकडून कळावं?"

आप्पा म्हणाले, कोण परदेशी? मी म्हटलं, कोण कंडक्टर? आणि तेवढ्यात यमूकाकू आल्या. एका हातात माझं प्रस्थानाचं गाठोडं, दुसऱ्या हातात निघणाऱ्याच्या तळहातावर घालायचं दही, आणि मागून हमालाच्या डोक्यावर सुकट.

तात्या नुसते त्या सामानाकडे बघत राहिले. दोन दिवस ज्याला मी कौतुक समजत होतो ते सगळं, वाण्याकडचं, स्टँडवरचं, साहेबांचं, एकेक करून डोळ्यांपुढून गेलं. आणि त्याच्या शेवटी सुधा, सरळ बघत विचारणारी, तुम्ही रोज रात्री जेवायला घरी असता?

मी घाईघाईनं सांगायला लागलो. विमान खरं नाही, यंत्रातलं आहे, हातखंबा म्हणजे हातखंबा नाही, वेळणेश्वर म्हणजे तळ्याच्या काठची एक रेघ, गाठोडं विमानाचं आहे, माझं नाही. जितकं सांगत गेलो तितका तात्यांचा चेहरा कोरा होत गेला. माझं मलाच खोटं वाटायला लागलं. एखाद्यानं खरोखर मस्कतला पळून जायचं ठरवलं असतं, तरी इतकी पोकळ थाप मारली नसती.

"दाखवतोच," मी शेवटी म्हटलं. रुमाल सोडला, कॅसेट काढली, लावली, बटण दाबलं. सगळे माजघरात जमून बघतायत. आता शिट्टी येणार, मग कलकलाट, मग विमान.

शिट्टी आली नाही. कुणीतरी घसा खाकरला.

"मधू, बाळा, मी आई बोलत्ये. लाल दिवा लागलाय, म्हणजे चालू असावं."

यमूकाकू! रुमालात कॅसेट बघून त्यांना वाटलं होतं, की वसंता, म्हणजे मी, भिडस्त, तोंडानं कसा सांगेल, म्हणून मधूसाठी दोन शब्द भरून द्यायला त्यानं कोरी कॅसेट मुकाट्यानं ठेवली. आमच्याकडे आखातात जाणाऱ्याबरोबर अशाच कॅसेटी जात. पत्र लिहायला न येणाऱ्या आया त्यात बोलत. मधूनं पाठवलेल्या टेपरेकॉर्डरवर काकूंनी माझं विमान पुसून आपली खुशाली भरली होती.

मी बंद करायला हात पुढे केला, तर काकूंनीच अडवला. "राहू दे रे. बरं आलंय." आणि स्वतःचंच बोलणं कौतुकानं ऐकत उभ्या राहिल्या.

काकू टेपमधून सांगत होत्या, की कपिला गाभण आहे, गुडघा बरा आहे, तू दुधाची पावडर पाठवू नको, वास येतो. मग म्हणाल्या, "आपला शेजारचा वसंता येतोय हो तिकडे. प्रस्थान आपल्याकडेच ठेवलंन. त्याला तुझ्या खोलीवर घे. त्याचं लग्न ठरत्येय वेळणेश्वरला, पण परदेशी जायचं त्या लोकांना सांगितलेलं दिसत नाही. मुलीचा बाप महाहट्टी आहे म्हणे. तेव्हा तू कुणाला लिहू नको."

सुकटीचा वास सगळीकडे फिरत होता.

तात्यांनी छत्री उचलली. आई देवघराच्या दारात डोळ्यांना पदर लावून उभी. आणि तेव्हा आप्पा, आयुष्यात पहिल्यांदा पंचांगात न बघता, म्हणाले, "अरे, दुसरी बाजू आहे ना."

भावोजींनी कॅसेट दोन्ही बाजूंनी भरली होती! एक बाजू दगा देते म्हणून दुसरीवर तेच पुन्हा. मी कॅसेट उलटून लावली. शिट्टी आली. इतका गोड आवाज मी त्याआधी आणि त्यानंतर ऐकलेला नाही. मग कलकलाट सुरू झाला. "अगो बाई, हा मिक्सर होय!" काकू पुटपुटल्या. तात्या छत्री टेकून उभेच होते. पाच-सहा मिनिटं आम्ही सगळे त्या कोंबड्या ऐकत राहिलो. वीज जाऊ नये म्हणून आई मनात काहीतरी बोलत असावी.

पडद्यावर प्रश्न आला. निघणार कुठून?

"हातखंब्याहून," मी म्हटलं, आणि नकाशावर बोट ठेवून तात्यांना दाखवलं. इथून असं पश्चिमेला, आणि हे इथे वेळणेश्वर.

तात्या पहिल्यांदाच पुढे वाकले. "ह्या प्रश्नाला वेळणेश्वर असं उत्तर दिलं तर?"

"तर विमान तिथेच उभं राहील."

"मग पोचल्यातच जमा की. तसं का नाही करत?"

असं कसं करणार? मी त्यांना समजावायला लागलो. पोचायच्या जागेहून निघायचं नाही, आपटल्या जागेहून निघायचं नाही, यंत्र देईल त्या जागेहून तर नाहीच. शिवाय रविवारी पश्चिमेला दिशाशूळ म्हणून तर प्रस्थान ठेवलं. मागून आप्पा दुजोरा देत होते. तात्या एकदा माझ्याकडे, एकदा आप्पांकडे बघत होते. वेळणेश्वरच्या माणसाला भटजी, पंचांग सगळं रोजचं. पण पंचांग बघून जागच्या जागी बसणारी माणसं त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावीत.

निघालो. हातखंब्याहून उत्तम उठलो. इतका सुंदर कधी उठलो नव्हतो. काटे जागच्या जागी, रेघ सरळ. काकू दह्याची वाटी तशीच धरून उभ्या, हमाल डोक्यावरचं ओझं न उतरवता बघतोय. तळं दिसायला लागलं, त्याच्या काठची ती बारीक धावपट्टी दिसायला लागली. मी तात्यांना म्हटलं, बघा, तुमचं गाव आलं. आणि त्यांना दाखवायला बोट पडद्याकडे नेलं. त्या बोटाची खरी जागा बटणावर होती.

रेघ तिरकी झाली. मी सावरायला गेलो, ती उलट्या बाजूला कलली. आकाश खाली गेलं, जमीन वर गेली, मग दोन्ही एकदमच मुंग्यांत मिसळली. एक बारीक कुईं असा आवाज झाला आणि पडदा पांढरा पडला.

समुद्रात. वेळणेश्वरच्या अगदी समोर.

मला वाटलं, संपलं. विमान संपलं, लग्न संपलं. मान वर करायचं धाडस होईना. तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तात्या बसले होते. त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तांब्यातलं पाणी वरून घटाघटा प्यायले.

"यमूबाई," ते म्हणाले, "तुमचं सामान दुसऱ्या कुणाबरोबर तरी पाठवा."

मग आप्पांकडे वळले. "मास्तर, काढा ते पंचांग. साखरपुड्याचा दिवस आत्ताच बघून टाकू. जो मुलगा हातखंब्याहून निघून वेळणेश्वरला पोचत नाही, तो मस्कतला कुठला पोचतोय!"

असं माझं लग्न ठरलं. माझा पगार बघून नाही, रूप बघून नाही, पत्रिका बघून तर नाहीच. मी समुद्रात पडलो म्हणून.

ती कॅसेट मी काकूंना देऊन टाकली. एका बाईचं लेकाशी बोलणं पुसून त्यावर पुन्हा विमान भरायचं, हे माझ्यानं होणार नव्हतं. बरणी, सुकट आणि कॅसेट मिळून सगळं राजिवड्याच्या एका मुलाबरोबर महिन्याभरानं गेलं. मधूचा उलट निरोप आला, की आई, तुझं बोलणं ऐकून फार बरं वाटलं, पण दुसऱ्या बाजूला कोण ओरडतंय? काकूंनी कळवलं, तो शेजारचा वसंता, विमान चालवतोय.

लग्न वेळणेश्वरलाच झालं. वऱ्हाडासाठी एसटी ठरवली होती. ती कुठून निघायची, कुठल्या वाटेनं यायची, सगळं तात्यांनी ठरवून कळवलं होतं. मी मुंडावळ्या बांधून मोठ्या रुबाबात पुढच्या सीटवर जाऊन बसलो. तर कंडक्टर, तोच तो गुहागरचा, जवळ आला आणि मला दंडाला धरून उठवून थेट सगळ्यात मागच्या बाकावर नेऊन बसवलं.

मी म्हटलं, अहो, मी नवरामुलगा आहे.

"म्हणूनच," तो म्हणाला. "तात्यांचा निरोप आहे. जावयाला ड्रायव्हरच्या आसपास फिरकू द्यायचं नाय. गाडी पोचली पाहिजे."